पुसलेल्या फुल्या

आमचा कोंबडा एका सोमवारी दुपारी म्हातारपणाने मेला. मागच्या पायरीवर तो बसला होता. थोड्या वेळाने पाहिले तेव्हा तो नुसताच तिथे होता. वडील घड्याळजी, घराच्या पुढच्याच खोलीत त्यांचे दुकान. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचे दुरुस्त केलेले घड्याळ त्यांनी नीट पुसले आणि स्वतःच्याच खिशात ठेवले.

अंडीवाली मावशी हळहळली. "घड्याळदादा, माझ्याकडचा पांढरा देऊ का? दोन आहेत."

"नको," बाबा म्हणाले. "या अंगणात त्याच्याच वंशाचा हवा."

त्याच्या शेवटच्या आठवड्यातली नऊ अंडी फडताळात होती. आणि एक कोंबडी खुडूक झाली होती. तिला आम्ही हेडबाई म्हणतो. याआधी ती तीनदा अंड्यांवर बसली आणि तीनदा मध्येच उठून गेली, एकदा तर अठराव्या दिवशी. तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. तिने याची दखल घेतल्याचे दिसले नाही.

उरलेल्या तिन्ही कोंबड्यांना दुसरीच्या खोक्यात अंडी घालण्याची खोड. मागाहून आलेले अंडे उशिरा फुटते, आणि तेवढी वाट पाहण्याचा संयम कोंबडीजवळ नसतो. म्हणून मी नऊही अंड्यांवर पेन्सिलीने फुल्या मारल्या. तिसऱ्या दिवशी मला ताईकडे जावे लागले. निघताना बाबांना बजावले, "फुली नसलेलं अंडं दिसलं की उचलायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"मला शिकवतोस? केसाएवढी स्प्रिंग बसवतो मी."

पाच दिवसांनी परतलो तेव्हा हेडबाईखाली पंधरा अंडी होती. एकावरही फुली नव्हती.

"पुसून ठेवली," बाबा म्हणाले. "कळकट दिसत होती. मग फुली कुठेच दिसेना. तुझ्या म्हणण्याप्रमाणे सगळीच उचलायला हवी होती. ते काही मला पटलं नाही."

"म्हणून एकही उचललं नाहीत?"

"एकही नाही," ते काहीशा अभिमानाने म्हणाले.

खोली अंधारी करून आम्ही एकेक अंडे बॅटरीसमोर धरले. बाबांनी डोळ्याला भिंग लावले होते. कवचे गडद तपकिरी. मला प्रत्येकच अंड्यात थोडाफार भविष्यकाळ दिसत होता. शेवटी चार बाजूला काढली. त्यांतली दोन चुकून काढली होती, आत पिल्ले वाढत होती, हे फोडल्यावर कळले. त्यानंतर बराच वेळ आम्ही खिडक्या उघडल्या नाहीत.

उरलेली अकरा हेडबाईच्या पंखांखाली मावत नव्हती. रोज कडेचे एखादे अंडे थंडगार लागे, आणि दुसऱ्या दिवशी कडेला भलतेच असे. एकविसाव्या दिवशी दोन पिल्ले निघाली. बाविसाव्या दिवशी सकाळी हेडबाई त्यांना घेऊन अंगणात उतरली आणि खोक्याकडे तिने वळूनही पाहिले नाही. चार दिवसांत एक पिल्लू पाण्याच्या भांड्यात गेले, दुसरे घारीने नेले. हेडबाईने संध्याकाळी नेहमीइतकेच दाणे खाल्ले.

पण ती उतरली त्याच सकाळी मी थंड अंडी उचलू लागलो, तर त्यांतल्या एकाला बारीक भोक पडलेले होते आणि आतून चिवचिव येत होती. ते आम्ही कापसात गुंडाळून दुकानातल्या टेबलावर, दिव्याखाली ठेवले. दुपारपर्यंत भोक तेवढेच राहिले. बाबांनी चिमटा घेतला.

"नुसतं झाकण उघडतो."

"बाबा, आतल्या शिरांमधलं रक्त अजून ओढलं जायचंय. उघडलं की संपलं."

"आयुष्यभर झाकणंच उघडतोय मी."

"बाबा."

त्यांनी चिमटा खणात ठेवला, खणाला कुलूप लावले आणि किल्ली माझ्या हातात दिली. एका गिऱ्हाइकाने विचारले, "हे कुठलं घड्याळ ओरडतंय?"

"ते दुरुस्तीला नाही आलेलं," बाबा म्हणाले.

पाचच्या सुमारास पिल्लू आपले आपण बाहेर पडले, ओले, आणि तोंडावर आपटले. वाळल्यावर हेडबाईजवळ नेऊन ठेवले, तर तिने त्याच्या डोक्यावर टोच मारली. तेव्हापासून ते बाबांच्या सदऱ्याच्या खिशात वाढले. त्याच्याशी बाबा माझ्याशी बोलत त्याहून जास्त बोलत. मला वाईट वाटले नाही, असे मी पुष्कळदा ठरवले.

दोन महिन्यांनी मावशीने त्याला उचलले, तुरा पाहिला, मानेची पिसे उलटी करून पाहिली.

"तलंग आहे ही, घड्याळदादा. मादी. जन्मात आरवायची नाही."

"नीट बघ."

"तीस वर्षं तेच बघतेय. वर्षभरात खुडूक बसेल बघा, तेव्हा तरी पटेल."

बाबांनी तिला मावशीच्या हातातून घेतले, टेबलावर ठेवले, भिंग लावून तुरा पाहिला. मग भिंग उतरवून काच बराच वेळ पुसत राहिले. मी रस्त्याकडे पाहत होतो.

"तुझा तो पांढरा," ते भिंगाकडे बघतच म्हणाले, "स्वभावाने कसा आहे?"

"कोंबड्याला कसला आलाय स्वभाव, दादा!"

"तसं नाही," बाबा म्हणाले. "हिला त्रास व्हायला नको."