मासा उलटायचा नाही

आमच्या श्वेगनदादाची नाव कित्येक वर्षं माझ्या घराखालच्या काठाला दोन दोरांनी करकचून बांधलेली आहे. इंजिन कधीच विकलं. तळात आता मी लोणच्याची मडकी ठेवते. पण ही नाव बुडू नये म्हणून दादा जेवढे नियम पाळतो, तेवढे समुद्रावरचे कप्तानही पाळत नसतील. नावेत जेवताना मासा उलटायचा नाही, कारण मासा उलटला की नाव उलटते. वरची बाजू संपली की मधला काटा अलगद उचलायचा आणि मग खालचं खायचं. जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवायच्या नाहीत, नाव गाळात रुतते. दादा स्वतः हल्ली मासे धरत नाही. गवताचा झगा चढवून, शेजारी दोन पाणकावळे घेऊन उभा राहतो आणि सुट्टीला आलेले लोक त्याचे फोटो काढतात. याला तो मासेमारी म्हणतो. म्हणू दे बापडा.

मीही हे हसण्यावारी नेलं असतं, पण या नियमांपायी त्याने पोटच्या पोरीची दोन स्थळं घालवली. पहिल्याने काड्या वाडग्यावर ठेवल्या, तर त्याला भरल्या पानावरून उठवलं. दुसरा फार सावध होता, पण त्याचं आडनाव छन निघालं, आणि छन म्हटलं की आमच्या कानाला ‘बुडणं’च ऐकू येतं. त्याला दादाने चहासुद्धा विचारला नाही.

युनचू एकुलती एक, त्यात आईवेगळी. बाप हो म्हटल्याशिवाय लग्न करायचं नाही, असा तिचा हट्ट.

“अगं, तो हो म्हणेपर्यंत समोरचे डोंगर झिजतील,” मी म्हटलं.

“झिजू देत. त्यांना दुखवून नाही जायची मी, आत्या.”

दोघंही एका माळेचे मणी. कुणाला काय सांगायचं?

तर यंदा ऑक्टोबरच्या सुट्टीत तिसरं स्थळ आलं. तिंगवेई गुओ. मुलगा तिचाच आवडता, पार उत्तरेकडच्या तायुआनचा. सोबत आईवडील. म्हणायला नदी बघायला आलेले. गुओबाईंनी येताना व्हिनेगरची बाटली आणली होती, कारण दक्षिणेत व्हिनेगर म्हणून काहीही देतात. नदी बघून झाली तेव्हा त्या म्हणाल्या, “वीस युआनच्या नोटेवर हा डोंगर जास्त स्वच्छ दिसतो.” हो ना, आमचा पुसायचा राहिला.

जेवणाआधी मी तिघांना गच्चीवर बसवून शिकवणी घेतली.

“पण बांधलेली नाव उलटेल कशी?” गुओबाईंनी विचारलं.

“बाई, हा प्रश्न त्याला विचारलात तर तुमचा मुलगा बिनलग्नाचा परत जाईल.”

गुओसाहेब बिचारे पुटपुटत पाठ करत होते. काटा उचलायचा, काड्या हातात, मासा उलटायचा नाही.

हॉटेलवाले मासा चिरून पसरतात, म्हणजे उलटायचा प्रश्नच नाही. मी मात्र अख्खा केला होता, बिअरमध्ये, टोमॅटो घालून. पानं नावेतच मांडली. दादा ताटाशी मांजर बसावं तसा टपून बसला. पण मंडळी चुकायचं नाव घेईनात. गुओसाहेबांनी तर पाणी पितानाही काड्या हातातून सोडल्या नाहीत. वरची बाजू संपत आली तसा दादाचा चेहरा पडला.

“घ्या की,” तो लाडीगोडीने म्हणाला. “खालचं मांस जास्त गोड असतं.”

“आधी काटा काढू या, काका,” तिंगवेई म्हणाला. इतक्या आदबीने, की मला त्याची पाठ थोपटावीशी वाटली. दादाला बहुधा पाण्यात ढकलावासा वाटला असणार.

युनचू मात्र बसलीच नव्हती. ज्याच्या त्याच्या हाका. “युनचू, जरा भात.” “युनचू, चहा गार झाला बाई.” ती आपली चुलीपासून पाटापर्यंत फेऱ्या घालत होती. शेवटी टेकली, तेव्हा तिच्या वाडग्यात नुसता पांढरा भात होता. वरच्या बाजूचा शेवटचा तुकडा गुओबाईंनी उचलला, त्यावर व्हिनेगर ओतलं आणि म्हणाल्या, “पोरगी कामसू आहे हो तुमची.”

दादा त्या वाडग्याकडे बघत होता. मी त्याची बहीण आहे, त्याचा राग मला लांबून ओळखू येतो. हा राग नव्हता. त्याने काड्या माशाखाली घातल्या आणि एका झटक्यात अख्खा मासा पालथा केला.

तिंगवेई इतका दचकला, की त्याने एका हाताने नावेची कड धरली. शिकवणी फारच अंगी लागली होती.

“बाबा,” युनचू हळूच म्हणाली, “मासा उलटला.”

“दिसतंय मला.”

मला राहवेना. “दादा, आता तुलाच उठवायचं का पानावरून?”

कुणी हसलं नाही. दादाने पोटाकडचा जाड तुकडा सोडवला, त्यातला बारीकसारीक काटा वेचून काढला आणि तो तिच्या भातावर ठेवला. लहानपणापासून ती तेवढाच खाते. तिने मान खाली घातली आणि घास उचलला.

“हे बघ,” दादा तिंगवेईला म्हणाला. “तुमच्याकडे नावा नाहीत. तिकडे मासा खुशाल उलटा, पाहिजे तेवढा उलटा. फक्त पोटाकडचा तुकडा हिच्या वाडग्यात पडला पाहिजे. तेवढं लक्ष ठेव. ती मागायची नाही.”