सोजराबाईचा तिसरा टीव्ही

समुद्रकाठच्या मुरबे गावाची खारी हवा काय खात नाही ते विचारा. सायकली खाते, पत्रे खाते, दाराच्या कड्या खाते. त्यामुळे सोजराबाईचा पहिला टीव्ही जळला तेव्हा तिने हवेलाच शिव्या घातल्या, आणि दुसरा आणल्यावर त्याला होडीवरची ताडपत्री पांघरली. मागच्या भोकांना तर इंजिनाचं ग्रीस चोपडलं! तरी दिवाळीच्या तोंडावर तोही गेला. आता तिसरा घरात आला होता आणि रविवारी संध्याकाळी तिची धाकटी मोनाली नागपुरात कबड्डीची फायनल खेळताना त्यात दिसणार होती.

पालघरच्या बाजारात मासे विकण्यात जन्म गेलेल्या सोजराबाईने लेकीचा एकही सामना पाहिला नव्हता. सामने संध्याकाळी, आणि गिऱ्हाईकही संध्याकाळीच. वरून "गुडघे फोडून घे, मंग कोन बायको करंल तुला" हे दहा वर्षं ऐकवलेलं. पण आतून जीव तुटायचा. हा सामना बघायचाच, म्हणून रविवारी तिने टोपलीच उचलली नाही.

थोरलीचा नवरा जितेश वाणगावचा, बोईसरच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. शनिवारी तो आला, तिसऱ्यावरचीही ताडपत्री उचलून ग्रीस बघितलं आणि पोट धरून हसला.

"आई, हवेनं टीव्ही नाय जळत. खांबावरची न्यूट्रलची तार ढिली झाली, का घरात दुप्पट करंट घुसतो. तो जाळतो."

"मंग तार कशानं ढिली झाली?"

"ती..." जितेश जरा अडखळला, "गंजली."

"म्हंजे हवाच की!" सोजराबाईने हात झटकले. जावयापुढे जिंकल्याचा आनंद काही वेगळाच असतो.

खांबावरचं काम वायरमनचं, आणि वायरमन सोमवारी येणार होता. रविवार तर उद्यावर होता. जितेशने बाह्या वर केल्या आणि परसात पहार घेऊन अर्थिंगचा खड्डा खणायला लागला. सोजराबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जावई सासुरवाडीला पाटावर बसायला येतो, खड्डे खणायला नाही. त्यात शेजारची भागी कुंपणावरून टक लावून बघत होती, म्हणजे रात्रीपर्यंत गावभर होणार.

"जावय, तुमी बसा हो. मी खनते."

"आई, बोंबील तळा. माजं पोट त्यानं भरंल."

खड्ड्यात त्याने तांब्याची पट्टी सोडली, कोळसा टाकला आणि वर मिठाची अख्खी पिशवी ओतली. सोजराबाईने कपाळाला हात लावला. सारं गाव मिठाने सडतंय आणि हा मीठ पुरतो! पण वीज कडाडली तर जास्तीचा करंट याच वाटेने जमिनीत जाईल, असं त्याने सांगितलं, आणि टीव्हीच्या पिनेखाली एक पांढरा डबा बसवला. करंट वाढला की हा डबा टीव्ही बंद करील, आणि सगळं ठीक झाल्यावर तीन मिनिटं थांबून आपणहून चालू करील.

"मधे कुनी हात नाय लावायचा," जितेश म्हणाला. "देव आला तरी."

रविवारी अर्धी आळी सोजराबाईच्या घरात. भागी सगळ्यांत पुढे, आपल्या घरचा टीव्ही तसाच चालू ठेवून. मोनाली चढाईला निघाली की पोरं मांड्या थोपटत आणि सोजराबाई ओठ चावत बसे. ही एवढी चपळ पोर माझी? नेहमी तर पाणी आण म्हटलं की हिचे पाय दुखतात! सामना संपायला पाच मिनिटं उरली, दोन्ही बाजू बरोबरीत, आणि घरातले बल्ब एकदम पांढरेफटक पेटले. पंखा वेड्यासारखा फिरायला लागला. खट्! टीव्ही काळा.

एकच ओरडा झाला. मोबाईलवर नुसतं गोल गोल फिरत होतं. "काडा तो डबा! पिन भिंतीत लावा!" भागी ओरडली आणि उठलीच. जितेशचा चेहरा उतरला. सगळ्यांपेक्षा जास्त तो सामना सोजराबाईला बघायचा होता, तिचाही हात पिनेपर्यंत गेला होता. तिने जावयाकडे पाहिलं. तळहातावर कालच्या पहारीचे फोड घेऊन बिचारा उभा होता. सोजराबाई वळली आणि डब्याला पाठ लावून उभी राहिली.

"कुनी हात नाय लावायचा. माज्या जावयानं सांगितलंय."

तेवढ्यात शेजारून फट्ट आवाज आला. पाठोपाठ जळका वास. भागी "माजा टीव्ही गं बाय!" करत पळाली, तिच्यामागे जितेश धावला आणि जाऊन तिचा मेन स्विच पाडला. खांबावरची तार पुन्हा टेकली असावी, बल्ब पिवळे झाले. आता सगळ्यांचे डोळे डब्यावर. तीन मिनिटं म्हणजे किती, हे मुरब्यात त्या दिवशी कळलं.

मग डब्यावरचा हिरवा दिवा लागला.

पडद्यावर चाळीस सेकंद उरलेले, मोनालीची बाजू एका गुणाने मागे, आणि चढाईला तीच. तिने दोघींना हात लावला, मागे वळली, आणि पाच जणी तिच्यावर कोसळल्या. ढिगाऱ्यातून एक हात बाहेर आला, सरपटत, इंच इंच, आणि मध्यरेषेवर पडला. सोजराबाईने तो हात ओळखला. कोपराजवळचा तो डाग लहानपणी तव्याने भाजल्याचा होता.

पंचाने दोन बोटं वर केली. मग शिट्टी वाजली. पुढे काय झालं ते कोणालाच नीट सांगता येत नाही, कारण आळी नाचत होती, जळालेला टीव्ही विसरून परत आलेली भागीसुद्धा.

तासाभराने मोनालीचा फोन आला. मागे ताशे वाजत होते.

"आई, बाजार झाला का? कुनाकडून कळलं तुला?"

"कळलं नाय गं, बगितलं. घरी बसून बगितलं."

तिकडून पोर बारीक आवाजात म्हणाली, "मी दिसले तुला?"

"दिसलीस गं बाय," सोजराबाई म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून सगळ्यांसमोर रडली. "सगळीच्या सगळी दिसलीस."