विक्री शिकवणारा माणूस

वाघाची डरकाळी थेट घरापुढच्या छपरीतच उमटली, तशी शकुबाईची धाकटी पोर किंचाळून आईच्या पदरात शिरली.

प्रणित सरांनी मोबाईल खिशात टाकला. "घाबरू नका बाई, नुसता आवाज होता. पण उद्या खरा आला तर?"

उर्वशी भिंतीला टेकून उभी होती. मूल गावच्या लहानूभाऊंच्या दुकानातून गावोगाव झटका मशीन विकणाऱ्या चौघांची ती प्रमुख. शेताभोवतीच्या तारेत हलका झटका सोडायचा, म्हणजे रानडुक्कर पिकात शिरत नाही, एवढंच त्या मशीनचं काम. विक्री मंदावली तेव्हा लहानूभाऊ म्हणाले होते, "टीमले शिकवाले मास्तर आण. तूच निवड. नाई जमलं तं टीम बंद." नागपूरच्या प्रणित सरांचं नाव मोठं. आधी एखाद्या गावात विकून दाखवा, मग ठरवू, असं उर्वशीनेच त्यांना सांगितलं होतं.

गावात शिरताच चौकशी करून सरांनी नेमकं हेच घर गाठलं. शकुबाईच्या नवऱ्याला, डोमाला, उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना वाघाने नेलं होतं.

"तेव्हा तुम्ही कुठे होतात?" सरांचा आवाज मऊ होता.

"संगंच होती."

"आता तुम्हीही गेलात, तर ह्या दोन पोरींचं कोण?"

शकुबाई लेकीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "याच्यानं वाघ येनार नाई न?"

"अजिबात नाही."

"सर, वाघाचं आपण तसं..." उर्वशी पुढे झाली. सर तिच्याकडे बघून हसले आणि त्यांनी मागणीचा कागद पुढे करून शकुबाईच्या हातात सहीसाठी पेन दिला.

बाहेर आल्यावर सोबत आलेला टीममधला रोशन हरखून बोलला, "मॅडम, काय माणूस हाय! मी तं तो आवाज मोबाईलमंदी घेऊनच टाकला."

उर्वशीने रोशनच्या मोबाईलकडे पाहिलं. आता चार गावांत चार मोबाईल डरकाळ्या फोडणार होते.

लहानूभाऊंना तिने "उद्या सांगते" एवढंच कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी ती स्कूटीने एकटीच त्या गावात गेली. भर दुपारी शकुबाईचं दार आतून लावलेलं होतं.

"कोन होय?"

"मी उर्वशी. मशीनवाली."

दार वीतभर उघडलं. आत अंधारात दोन्ही पोरी खाटेवर बसलेल्या. शाळेतही गेल्या नव्हत्या.

"धान झडून राह्यलं, बाई," शकुबाई पुटपुटली. "मालक गेले तरी मी बांधीत जात होती. काल तो आवाज आयकला, तवापासून पाय उंबऱ्याबाहेर पडत नाई."

"त्या मशीननं वाघ थांबत नाई, शकुबाई. डुक्कर थांबते. डुकरासाठी पाह्यजे तं ठेवा, नाई तं आत्ताच रद्द करते."

"रद्दच करा."

उर्वशीने अंगणात येऊन फोन लावला. "भाऊ, हा मास्तर नको."

"काऊन? पहिल्याच घरी विकून दाखवलं त्यानं!"

"विकलं. पन ती बाई आता घराबाहेर निघत नाई, भाऊ."

"मास्तर नाई तं टीम नाई. आन मंग तुयं काय, त्याचा विचार केला का?"

घर उर्वशीच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. "दुसरा शोधते भाऊ. पन हा नको."

लहानूभाऊंनी फोन कापला. मग उर्वशी आत वळून म्हणाली, "इळा काढा. मी येते संगं."

पोरींना शेजारच्या केसरबाईकडे सोडून दोघी धानाच्या बांधीवर गेल्या. पलीकडच्या धुऱ्यापासून, शेताच्या कडेपासूनच जंगल सुरू होत होतं. शकुबाई वाकली. तिच्याकडे पाठ करून उर्वशी झाडांकडे तोंड करून उभी राहिली. सागाचं वाळकं पान गळलं तरी तिच्या छातीत धस्स होत होतं.

"बाई, हाय न?" शकुबाईने मान वर न करता विचारलं.

"हाय. कापा तुमी."

इळ्याचा आवाज आधी अडखळत आला, मग सलग येऊ लागला. अर्धी बांधी सरल्यावर शकुबाई उठली आणि तिने इळा उर्वशीच्या हातात दिला.

"आता तू काप. मी पाहते."

उर्वशी वाकली. तिच्या मागे, पदर कमरेला खोचून, शकुबाई जंगलाकडे तोंड करून ताठ उभी राहिली.