बिनदाराच्या गावातली आठ माणसं

“आन् बाकीचे?” रतनबाईंनी सुकन्याच्या पाठीमागे बघत विचारलं. “आठ जन येनार हुते ना?”

काष्टीच्या त्या मांडवात रंगनाथच्या तेराव्याची पंगत बसली होती. एका कडेला नऊ पत्रावळी मांडलेल्या होत्या आणि तिथे त्याच्या आईने, रतनबाईंनी, कुणालाही टेकू दिलं नव्हतं. नगरच्या सावेडीहून येताना सगळ्या रस्त्याने सुकन्याने दोनच वाक्यं घोकली होती. ‘मावशी, ती आठ माणसं नाहीतच. मीच ती.’

सुकन्या एका शाळेत क्लार्क. सहा वर्षांपूर्वी तिने मोबाईलवर एक लिहिण्याचा खेळ सुरू केला, ‘बिनदाराचं गाव’. प्रत्येकाने गावातलं एक पात्र घ्यायचं, त्याने आज काय केलं ते चार ओळींत लिहायचं आणि दुसऱ्याने गोष्ट तिथून पुढे न्यायची. तिचं आजोळ शनिशिंगणापूरजवळचं, म्हणून गावातल्या घरांना दारं नव्हती. नियमही तसाच होता. कुणी तीन दिवस गप्प राहिलं, की दुसऱ्याने बेधडक त्याच्या घरात शिरावं, चूल पेटवावी, त्याच्या वतीने लिहावं. गावातलं कुणी उपाशी राहता कामा नये.

वर्षभराने रंगनाथ खेळात आला, बांधकामावरून पडून कमरेखाली लुळा झालेला. त्याने पोस्टमन घेतला, कारण पोस्टमन दिवसभर चालतो.

हळूहळू माणसं गळाली. कुणाचं लग्न झालं, कुणाला नोकरी लागली, कुणाला नुसताच कंटाळा आला. सुकन्या नियमाप्रमाणे एकेकाच्या घरात शिरत गेली. मग एक दिवस रंगनाथने लिहिलं, “ताई, सगळ्या घरात तुमीच दिसताय. गाव उठलं का?”

ते वाचून ती घाबरली. हाही गप्प झाला तर? तेव्हापासून ती त्या त्या माणसाच्या खात्यातूनच लिहू लागली. खेळ तिचा, सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिच्याच हातात. कुंभारीण खवचट, वैद्यबुवा विसराळू, तेली भांडखोर. रंगनाथ पुन्हा खुलला. शाळेत दाखले लिहिता लिहिता दोन वर्षं तिने ती आठ माणसं एकटीने जगवली.

गेल्या पंधरवड्यात पोस्टमन गप्प झाला. चौथ्या दिवशी तिने त्याच्या घरात शिरून लिहिलं, ‘पोस्टमन आज डोंगर चढून गेला. पाय जरासुद्धा दुखले नाहीत.’ संध्याकाळी त्याच्याच खात्यातून त्याच्या बहिणीचा, निकिताचा निरोप आला. दादा चार दिवसांपूर्वीच गेला. डोंगराचं आईला वाचून दाखवलं, लई रडली. तेराव्याला तुम्हा नऊही जणांना बोलावलंय.

सुकन्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच तिने ठरवलं, जाऊन खरं सांगायचं.

“मी म्हनलंच हुतं, वैनी,” रंगनाथचे चुलते आदिनाथ पंगतीतूनच बोलले. “मोबाईलातली मानसं कुठं जेवाया येत असत्यात व्हय? पाच वर्सं पोरगं पडून हुतं, गावातलं कुनी फिरकलं न्हाई. अन् ती येनार!”

“तुमी गप बसा. माझ्या लेकाला आठ मानसं हुती. रोज इचारपूस करायची त्याची.” रतनबाई सुकन्याकडे वळल्या. “सांग की गं बाई ह्यांना.”

सगळा मांडव तिच्याकडे बघू लागला. सुकन्याने घोकलेली दोन्ही वाक्यं गिळली.

“आहेत ना,” ती म्हणाली. “लांबची आहेत सगळी, यायला जमलं नाही. रंगनाथशिवाय कुणाला करमत नाही तिकडे.”

शेवटचं तेवढं खरं होतं.

मग ती एकटीच त्या रांगेत बसली. वाऱ्याने शेजारच्या रिकाम्या पत्रावळी उडायला लागल्या, तशी निकिता आली आणि प्रत्येकीवर एकेक लाडू ठेवून गेली.

निघताना रतनबाईंनी तिच्या हातात पिशवी दिली. आत कागदात बांधलेले लाडवांचे आठ पुडे होते आणि प्रत्येकावर निकिताने पेनाने नाव घातलं होतं. कुंभारीण. वैद्यबुवा. तेली.

“ज्याचं त्याला पोचव,” रतनबाई म्हणाल्या. “त्याच्या नावाचा घास हाय, टाकू नको.”

एसटीत तिने पिशवी मांडीवर घेतली. शेजारच्या बाईने विचारलं, “कुनाकडं गेल्ता?”

“आमच्या गावातला एक जण गेला,” सुकन्या म्हणाली. तिने वैद्यबुवांचा पुडा सोडला आणि खाली मान घालून खायला लागली. तो संपल्यावर कागदाची नीट घडी घातली आणि कुंभारणीचा काढला.