पिवळ्या पंखांचं विमान

कॅप्टनने जन्मात जहाजावर पाऊल ठेवलं नव्हतं. छोटी विमानं-जहाजं बनवणाऱ्यांच्या मॉडेल क्लबाचा तो सेक्रेटरी. सोनेरी पट्टीची टोपी घालून फिरायचा, तेवढ्यावरच क्लबातल्या लोकांनी त्याला कॅप्टन करून टाकलं होतं. आणि ह्या टोपीवाल्याने एका बाईच्या मेलेल्या नवऱ्याचं विमान ढापलं. आडवळणाने कशाला सांगायचं, ढापलंच!

बाई कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा साचा पाठवायचे, ही त्यावर दात बसवून द्यायची. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि उरल्या वेळात विमानांची मॉडेलं करायचा. त्याने केलेलं शेवटचं मॉडेल म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं, जहाजावरून उडणारं लढाऊ विमान. एकावर एक असे दोन पंख, चाकं पोटात ओढून घेतलेली, अंग आखूड आणि पोट सुटलेलं. वरचा पंख भडक पिवळा, कारण खरं विमान समुद्रात पडलं तर लांबून दिसायला हवं. दोन्ही पंखांच्या मध्ये फुल्या मारल्यासारख्या ताणलेल्या दहा बारीक काळ्या तारा.

नवरा गेला त्यानंतर आठवड्याने कॅप्टन आला, धाय मोकलून रडला, दोन कप चहा प्यायला. "वहिनी, हे क्लबात ठेवतो, त्याच्या नावाची पाटी लावतो," म्हणाला आणि विमान खोक्यात घालून घेऊन गेला. पाटी लागली, पण कॅप्टनच्या नावाची. वर प्रदर्शनात पहिलं बक्षीसही पटकावलं. बाईला हे कळलं तेव्हा विमान क्लबाच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत जाऊन बसलं होतं.

ती तडक तिथे गेली.

"वहिनी, समजून घ्या," कॅप्टन चार लोकांदेखत म्हणाला. "त्याने नुसते सुटे भाग चिकटवले होते. रंग माझा, तारा माझ्या. शेवटी शेवटी त्याचा हात किती थरथरायचा, तुम्हाला काय सांगायचं!"

थरथरायचा? शेवटच्या आठवड्यातसुद्धा तो कप बशीत ठेवायचा तर आवाज होत नव्हता. बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरी एक वेळ परवडली, पण ज्या हातांवर तो माणूस आयुष्यभर जगला, त्या हातांना हा नावं ठेवत होता.

"माझी हरकत लिहून घ्या," ती म्हणाली.

कॅप्टनने भिंतीवरच्या नियमांच्या पाटीकडे बोट दाखवलं. उगाच येणारे-जाणारे खोड्या काढतात म्हणून क्लबाने फार पूर्वी नियम केला होता: ज्याचं स्वतःच्या हाताने पुरं केलेलं मॉडेल प्रदर्शनाच्या टेबलावर असेल, त्यालाच दुसऱ्याच्या मॉडेलवर हरकत घेता येईल.

"तुम्ही आपले दात करा, वहिनी," तो हसून म्हणाला.

बाई दातओठ खात घरी आली आणि नवऱ्याचं कपाट उघडलं. त्याची एक रीत होती. कुठलंही मॉडेल घेतलं की दोन खोकी आणायचा, एक करायला आणि एक बिघडवायला. आधी एकावर हात साफ करायचा, मग दुसरं करायला घ्यायचा. हे विमान मात्र त्याला पहिल्याच खेपेला जमलं होतं, म्हणून दुसरं खोकं न उघडता तसंच पडून होतं.

तिने ते कामाच्या टेबलावर आणलं. रोज सकाळी आधी दात, मग विमान. राखाडी भाग चौकटीतून कापायचे, कडा घासायच्या, कोरडेच एकमेकांना लावून बघायचे, मग चिकटवायचे. कवळीवर घासकाम करून तिची बोटं तयार होती, त्यामुळे विमानाचं धड दोन आठवड्यांत उभं राहिलं. पिवळ्याने मात्र तिला रडवलं. तिने तो थेट राखाडीवर फासला आणि पंख कावीळ झाल्यासारखा दिसायला लागला. सगळा खरवडून काढला. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला. अगं बाई, दाताला छटा देताना तू आधी खालचा पांढरा थर देतेस ना? मग इथे अक्कल कुठे गहाण टाकली होतीस? तिने आधी पांढरा दिला, त्यावर पातळ पातळ पाच हात पिवळे. अंग चंदेरी, शेपटी लाल. ब्रशच्या प्रत्येक फटकाऱ्याला ती कॅप्टनला एक शिवी हासडायची. शिव्या संपल्या, तेव्हा पहिल्यापासून सुरू केल्या.

अडलं ते तारांशी. शिवणाचा दोरा पिंजारायचा. नायलॉनचा धागा ताणून लावावा, तर दुसऱ्या दिवशी सैल. मग नवऱ्याने काय वापरलं होतं? तिने त्याच्या हत्यारांचा डबा उपडा केला. तळाशी एक पाकीट निघालं. त्यावर त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "तारांसाठी." आत लांब काळे केस होते, एकेक सरळ करून ठेवलेले.

तिचेच होते. दर रविवारी ती केस विंचरायची, तेव्हा तो यायचा आणि म्हणायचा, "तुझं गुंतवळ टाकू नकोस, मला दे." "कशाला हो, घरटं बांधायचंय का?" ती विचारायची. "काम आहे," म्हणून तो हसायचा. तिला वाटायचं, ब्रश वगैरे करत असेल. बाई तिथेच फरशीवर बसली आणि पोटभर रडली. मग डोळे पुसले, पदर खोचला, कामाचं भिंग घेतलं आणि क्लबात गेली. काचेला नाक लावून तिने एकेक तार बघितली. दहाच्या दहा तिचे केस होते. कॅप्टनला ह्याचा पत्ताही नव्हता.

आता सापडलास, तिने मनात म्हटलं. पाकिटातले केस तिने वापरले नाहीत. स्वतःच्या विमानाला तिने आजचे केस लावले, पांढरे.

प्रदर्शनाला पंधरा दिवस उरले असताना डॉक्टरांकडून एक साचा आला. चिठ्ठीवरचं नाव वाचून तिला हसूच फुटलं. कॅप्टनची वरची कवळी तुटली होती आणि त्याला प्रदर्शनाआधी नवी हवी होती. देवाने शत्रूचं तोंडच हातात आणून दिलं होतं! एक दात केसभर उंच ठेवला असता, तर गडी महिनाभर पेजेवर राहिला असता. तिने साचा हातात घेऊन बराच वेळ तो विचार चघळला, आणि मग आयुष्यातली सगळ्यात चांगली कवळी केली. त्या दिवशी ह्या माणसाला शब्दन् शब्द स्पष्ट बोलता आला पाहिजे होता.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरला होता. बाईने आपलं विमान टेबलावर ठेवलं. परीक्षक म्हणजे एक म्हातारे, नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, ओठ घट्ट मिटून असायचे. त्यांनी ते चहूबाजूंनी न्याहाळलं आणि वहीत नोंदवलं.

"आता माझी हरकत," बाई म्हणाली. "काचेतलं विमान ह्यांचं नाही. ह्यांना एवढंच विचारा, तारा कशाच्या आहेत."

"नायलॉन," कॅप्टन नव्या दातांनी खणखणीत बोलला. "माझ्या हाताने ओढलेला, माझ्या हाताने बसवलेला."

"लिहून घ्या," बाई म्हणाली. परीक्षकांनी लिहून घेतलं. "आता पेटी उघडा. एक तार कापून जाळून बघा."

"मॉडेलची नासधूस होईल!" कॅप्टन ओरडला.

"होऊ द्या. माझ्या नवऱ्याचं आहे, मी बघून घेईन."

परीक्षकांनी पेटी उघडली. चिमटा तिनेच धरला, कारण दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला सोसला नसता. परीक्षकांनी काडी ओढली. तार चरचरली, वळली आणि राख झाली. हा वास सांगावा लागत नाही. चौथ्या रांगेतल्या लोकांनीही नाकाला रुमाल लावले.

"केस आहे हा," परीक्षक म्हणाले.

कॅप्टनच्या कपाळावर घाम आला. "हो हो, केसच! विसरलोच मी. केस वापरायची युक्ती माझीच."

"मग काय प्रश्नच मिटला," बाई म्हणाली. अंबाड्यातून तिने एक केस खसकन उपटला आणि त्याच्यापुढे धरला. "तुटलेली तार बसवा. नऊ बसलेल्या आहेतच, दहावीला असा किती वेळ लागतो तुम्हाला?"

सगळा हॉल बघत होता. कॅप्टनने टोपी काढली, चिमटा घेतला. केस निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. तिसऱ्या वेळेला चिमटा पंखावर खटखट वाजायला लागला.

"अगं बाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुमचा हात किती थरथरतो हो, कॅप्टन!"

कुणीतरी मागे फिसकन हसलं. कॅप्टनने चिमटा टेबलावर ठेवून दिला. बाईला आनंद झाला का? झाला की! वर्षभराचा उपास सुटल्यासारखा झाला, खोटं कशाला बोलायचं?

परीक्षकांनी पेटीवरची कॅप्टनची पाटी काढून खिशात घातली. "तार तुम्हीच बसवा," ते तिला म्हणाले. मग तिने पर्समधून काढलेल्या पाकिटातले केस बघून हळूच सुचवलं, "काळा केस लावा, म्हणजे डाग दिसणार नाही."

"दिसू दे," ती म्हणाली आणि पांढराच बसवला, एका फटक्यात. नऊ काळ्या तारा, एक पांढरी. आता येणारा प्रत्येक जण विचारणार होता, ही एकच अशी कशी? आणि कुणीतरी सांगणारच होतं.

"घरी घेऊन जा," परीक्षक म्हणाले. "तुमचंच आहे."

बाईचा हात पुढे झाला. घरातली विमानाची रिकामी फळी वर्षभर रोज पुसत होती ती. तिने विमान उचललं, छातीजवळ धरलं. मग थांबली.

"ह्या पेट्यांच्या काचा कोण पुसतं?"

"कॅप्टन पुसतात," परीक्षक म्हणाले. "दर रविवारी. सेक्रेटरीचं काम आहे ते."

बाईने विमान पुन्हा पेटीत ठेवलं, पांढरी तार पुढे येईल असं वळवलं आणि दार लावून घेतलं.

"मग इथेच राहू दे," ती म्हणाली. "फक्त पाटी माझ्या नवऱ्याच्या नावाची लावा. अक्षर मोठं काढा."