देवराईभवतीची जळकी पट्टी

सरकार डोंगर जाळायला पैसे देतंय, हे ऐकलं तवा मी येष्टीच्या थांब्यावर एवढा हसलो, का चहा नाकातनं बाहेर आला.

"आवो गार्डबाई," मी आरतीला म्हनलं, "गेल्या साली हौशीरामानं डोंगर पेटवला तर तुमी त्याच्यावर केस केली. औंदा तुमीच काडी लावायला मजुरी देताय. त्याची बिचाऱ्याची मागची मजुरी तरी काढा की!"

आरती आमच्याकडची वनरक्षक. पोरगी बोरी बुद्रुकची, उसाच्या गावातली, पन डोंगर माझ्यापेक्षा जास्त चढती. ती हसली न्हाई.

"चांगदेवमामा, वणवा वेगळा अन् जाळरेषा वेगळी. देवराईच्या भवती सहा मीटरची पट्टी आपनच सकाळच्या दवात, मानसं उभी करून जाळायची. मग वरनं वणवा आला तर त्याला तिथं खायला काय मिळत न्हाई. निधी मंजूर झालाय. मार्चअखेर काम न्हाई झालं तर निधी परत, अन् राई तशीच उघडी."

गाव तयार व्हतं. आडली एकटी साळुआत्या.

राईची राखन तिच्या घराकडं, सात पिढ्यांची. राईतली वाळकी काडीबी कुनी घरी नेत न्हाई, बाळंतिनीचं पानी तापवायलाबी न्हाई. त्या झाडांच्या बुडातनं झरा निघतो, मे महिन्यात गावाला पानी तेवढंच. राईतली देवी म्हंजी आमची आई, तिचा निवदसुदीक म्हातारी घरनं शिजवून न्यायची, राईजवळ कधी चूल मांडली न्हाई.

"तिच्या दारात जाळ? मी मेल्यावर लावा," ती म्हनली. मग जरा थांबून, "न्हाईतर कौल लावा. ती म्हनल ते."

आमच्याकडं कौल असा. आईच्या तांदळ्याला, म्हंजी शेंदराच्या दगडाला, दोन बाजूंना दोन कळ्या पान्यानं चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर न्हाई. कळ्या लावायचा मान आमच्या घराचा. अन् आमच्या घरात उरलो कोन, तर मी. ज्यानं सरपंचाच्या लग्नाच्या घोड्याला आदल्या दिवशी मागं चालायला शिकवलं, तो मी.

त्याच दिवशी जुन्नरचा शफीभाऊ पानं उडवायचं मशीन भाड्यानं घिऊन आलता. त्याच्या हत्यारांच्या पेटीत पंक्चरचं सोल्युशन दिसलं. दिसलं म्हंजी झालंच. डाव्या कळीला थेंबभर सोल्युशन, उजवीला नुसतं पानी.

पाच मिनटांत उजवी टपकन पडली. गाव वरडलं, "आई तयार हाय!" मी आतल्या आत गडाबडा लोळत व्हतो. मग साळुआत्याकडं बघितलं. तिनं कपाळ भुईला टेकवलेलं, अन् पाठ हलत व्हती. माझं हसू तिथंच इझलं. पन सांगितलं न्हाई मी. कसं सांगनार, राव?

दुसऱ्या दिवशी दवातच लागलो कामाला. गवत कापलं, शफीभाऊनं मशीननं पाचोळा उडवला, पहिली काडी आत्यानं लावली. दोन्ही कडंला डहाळ्या घिऊन आमी उभं. जाळ दावं लावलेल्या शेळीवानी चालत व्हता, गुडघ्याच्या वर गेला न्हाई. तीन दिवसांत हिरव्या राईला काळा पट्टा झाला.

"एवढ्याशा पट्टीनं काय व्हनार, शफीभाऊ? वणव्याला ढांग टाकायला कितीसा येळ?" मी म्हनलं.

"मला काय इचारतोस? तुझ्या आईनं हा म्हनलंय ना?" शफीभाऊ म्हनला. मी डहाळी उचलली अन् फुडच्या कडंला गेलो.

मार्चाच्या मधी, दुपारी दोनच्या सुमाराला, पलीकडच्या अंगानं कुनीतरी काडी लावली. जाळलं का गवत जोमानं येतं, हे येड आमच्या डोंगरात लई जुनं. वारा पश्चिमेचा. शफीभाऊ मशीन परत न्यायला आलता, ते तसंच खांद्याला मारून आमी वर पळालो. आरती फुडं.

अन् मी वणवा बघितला, राव. पन्नास वर्सं लांबनं बघत आलो, रात्रीचा डोंगरावर जाळाचा हार दिसतो तसा. जवळनं पहिल्यांदाच. आधी आवाज आला, धरनाचे दरवाजे उघडल्यावानी. मग सगळा उतार उठून उभा ऱ्हायला. मानसाच्या दुप्पट जाळ, अन् त्याच्या फुडं हवाच थरथरत व्हती.

आन् साळुआत्या काळ्या पट्टीवर उभी. एकटी.

"आत्या, माघारी चल!"

"मी का हलू? आईनं पट्टीला हो म्हनलंय, जाळ न्हाई येनार."

म्हातारी माझ्या थेंबभर सोल्युशनवर उभी व्हती. मी तिचा हात धरला अन् बोंबललो, "आई न्हाई बोलली! मी बोललो! डावी कळी मी सोल्युशननं चिकटवली व्हती!"

तिनं माझ्याकडं बघितलं. एवढ्या आवाजात तिचा आवाज बारीक, पन नीट आला.

"चांग्या, आई बोलली असती तर तिची ती बघून घेती. तू बोललास ना? मग आता तूच उभा ऱ्हा."

अन् माझा हात सोडला न्हाई.

उभा ऱ्हायलो. काय करू? आधी जनावरं आली. ससं, घोरपड, दोन धामनी, लांडोर, सगळी आमच्या पायामधनं राईत. कुनी कुनाला खात नव्हतं, कुनी आमाला भ्यालं न्हाई. मागनं जाळ आला. तोंडाची कातडी चरचरली. आरती वरडत व्हती, "ठिनग्या बघा, ठिनग्या!" शफीभाऊ मशीननं ठिनग्या माघारी ढकलत व्हता, आरती डहाळीनं बडवत व्हती. मग मीबी एका हातानं बडवाय लागलो. दुसरा आत्याच्या मुठीत.

वणवा पट्टीपाशी आला. अन् थांबला. एवढा मोठा, डोंगर खाऊन आलेला, तो काळ्या मातीच्या काठाला आला, वाकला, इकडं तिकडं चाचपडला, अन् खाली बसला. पट्टी धरून दोन्ही बाजूंनी पसरत गेला अन् खालच्या खडकाळ वघळीत इझून गेला. सहा मीटर. मीच दोरी धरून मापली व्हती, हसत हसत.

शेवटची ठिनगी आरतीनं बडवून इझवली. मग आत्यानं इचारलं, "गावाला सांगनार?"

"आजच सांगतो."

"सांग. कळ्यांचा मान जाईल तुझा."

"जाऊंदे."

तिनं हात सोडला. मनगटावर पाच बोटं उमटलेली. मागं राईत शिरलेला एक ससा अजून माझ्यापासनं दोन हातांवर बसलेला, छाती धडधडतीय, अन् पलीकडं सगळा डोंगर काळा, धुरकट. मी हळूच खाली बसलो, त्याला कळंल एवढाबी आवाज न करता.