एकतीस नग

जेवणाच्या टेबलावर बॅग आ वासून पडली होती आणि तिच्या चारी बाजूंनी एकतीस वस्तू ओळीने मांडल्या होत्या. टूथब्रश, दोघांच्या गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटांसकट, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, जास्तीचा चष्मा, दोघांचा एकेक कपड्यांचा जोड, फोनचा चार्जर, फोन मेलाच तर म्हणून कागदावर लिहिलेले सात नंबर, चिकटपट्ट्या, छोटी टॉर्च, शेंगदाण्यांची पुडी, रिकामी पाण्याची बाटली. आणि शेवटी, अगदी कडेला, विटकरी रंगाच्या लोकरीच्या मोज्यांची जोडी.

"युद्धावर निघालोय का आपण?" नवऱ्याने विचारलं.

"मोठी बॅग विमानाच्या पोटात जाणार. ती आली तर आली, नाही आली तर तिच्या नावाने बोंबलत बसायला मला वेळ नाही," ती म्हणाली. "या बॅगेवर आपले दोन दिवस निघाले पाहिजेत. मोजा."

ती चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण ती नोकरीतून बाहेर पडली तरी नोकरी काही तिच्यातून बाहेर पडली नव्हती. थिएटरमध्ये प्रत्येक कात्री, प्रत्येक सुई, रक्त टिपायचा प्रत्येक बोळा सुरुवातीला मोजायचा आणि टाके घालायच्या आधी पुन्हा मोजायचा. दोघांनी मोजायचा, मोठ्याने मोजायचा. हिशेब जुळला नाही तर पोट शिवायचं नाही, मग सर्जन कितीही मोठा असो. एकदा एक बोळा कमी भरला तेव्हा तिने शहरातल्या सगळ्यात तापट सर्जनला वीस मिनिटं हात बांधून उभं केलं होतं. तो नुसता धुमसत होता. बोळा सापडला तो त्याच्याच बुटाच्या तळाला चिकटलेला. त्या दिवसापासून तो तिला वाकून नमस्कार करायचा, आणि तीही तो मोठ्या मनाने स्वीकारायची.

घरात दुसरा मोजणारा म्हणजे नवरा. तो रेडिओ दुरुस्त करायचा. घरभर स्क्रू सांडणाऱ्या माणसाला मोजणीला बसवणं ही तशी थट्टाच होती, पण दुसरं होतं कोण? ती यादीतलं नाव वाचायची आणि तो वस्तू उचलून "आहे, मेट्रन!" असं ओरडायचा.

"एकतीस. मोजे, लोकरीचे, एक जोडी, एक नग."

"आहे, मेट्रन! पण हे कशाला? तिकडे काही बर्फ पडत नाही."

"ते आपल्यासाठी नाहीत," ती म्हणाली. मोजे तिने त्याच्या हातून घेतले, नीट घडी केले आणि सगळ्यांच्या वर ठेवले.

ते धाकटीसाठी होते. धाकटी म्हणजे तिची बहीण, शाळेत शिक्षिका, साठ पोरांचा वर्ग नुसत्या भुवईवर चालवणारी. तिच्या पित्ताशयात खडे झाले होते. ऑपरेशन दुर्बिणीतून होणार होतं, तासाभराचं काम. पण तारीख अचानक अलीकडे आली. दुपारी फोन आला की उद्या सकाळी नऊची वेळ मिळाली आहे. आणि मग फोनवरचा आवाज एकदम सहा वर्षांच्या मुलीचा झाला.

"ताई, या वेळी पाणी प्यायला जाऊ नकोस हं."

ही त्या दोघींची जुनी गोष्ट होती. धाकटी सहा वर्षांची असताना तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. आई खाली औषधं आणायला गेलेली, बारा वर्षांची ताई पलंगाशी पहाऱ्यावर. भूल उतरायला वेळ लागला, ताईला तहान लागली, ती व्हरांड्यातल्या नळापर्यंत गेली. दोन मिनिटं, फार तर तीन. नेमके तेव्हाच धाकटीने डोळे उघडले. शेजारी कोणी नव्हतं आणि पाय बर्फासारखे गार पडले होते. तिने जो हंबरडा फोडला तो सगळ्या मजल्याने ऐकला. पुढे आयुष्यभर कुठल्याही भांडणात हरायला लागली की धाकटी तो नळ बाहेर काढायची. ताई नर्स झाली ती त्या नळापायीच, असं घरात सगळे म्हणत. ती स्वतः तसं कधी म्हणाली नाही, पण भूल उतरणाऱ्या प्रत्येक पेशंटचे पाय ती आधी चाचपून बघायची.

तिकीट सकाळच्या विमानाचंच मिळालं. दहाला उतरायचं, अकराला हॉस्पिटल. साडेअकराच्या सुमारास धाकटीला खोलीत आणतील. मध्ये कुठे खोळंबायला जागा नव्हती. म्हणून ही बॅग.

सकाळी टॅक्सी दारात येऊन उभी राहिल्यावर तिने बॅग पुन्हा मोजली. या वेळी नावं नाही घेतली, डोळे टॅक्सीवर ठेवून नुसती बोटं लावून आकडा मोजला. एकतीस. नवरा आतल्या खोलीत बुटांशी झटापट करत होता. "आलो, आलो!" असं दोनदा ओरडून तो एकदाचा बाहेर आला. मोठ्या बॅगेला तिने रात्रीच पट्टा आवळून कुलूप घातलं होतं. तिने हातातल्या बॅगेची चेन ओढली. जुळलेल्या हिशेबावर टाका घालताना जे समाधान वाटायचं तेच आताही वाटलं.

विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावरून सगळ्यांच्या बॅगा सुरळीत पुढे गेल्या. हिची तेवढी बाजूला सरकली.

"मावशी, ही तुमची?" तपासणीवाल्या बाईने विचारलं. "आत काहीतरी टोकदार दिसतंय."

"अशक्य आहे," ती म्हणाली. "काय काय आहे ते मी तुम्हाला तोंडपाठ म्हणून दाखवते."

बाईने ऐकून घेतलं नाही. तिने बॅग उघडली आणि तळातून चामड्याची एक मळकट गुंडाळी बाहेर काढली. आत बारीक स्क्रू ड्रायव्हर, लहान-मोठे सहा.

ती गुंडाळी तिच्या ओळखीची होती. वीस वर्षं ती कोणाच्या तरी खिशाला भोकं पाडत होती. तिने मान वळवून पुरुषांच्या रांगेकडे पाहिलं. नवरा तपासणी संपवून बाहेर आला होता आणि छताकडे इतक्या भक्तिभावाने बघत होता जणू तिथेच विमान येणार होतं.

"घेऊन टाका," ती तपासणीवाल्या बाईला म्हणाली. "पण थांबा. हे माझ्या यादीत नाहीत. आणि सकाळी आकडा एकतीस होता. म्हणजे माझं काहीतरी आत नाही."

"मावशी, मागे रांग आहे."

"असू दे. रांग थांबेल."

पण ती तपासणीवाली बाई काही तो तापट सर्जन नव्हती. तिने हसत हसत बॅग, वस्तू आणि मावशी यांना एकदमच पलीकडच्या बाकाकडे सरकवलं. तिथे बसून तिने यादी उघडली आणि या वेळी नाव घेऊन मोजलं. टूथब्रश आहे. गोळ्या आहेत. चिठ्ठी, चष्मा, कपडे. तीसपर्यंत सगळं जागच्या जागी होतं.

मोजे नव्हते.

तिने बॅगेचा तळही चाचपून पाहिला. तीस वस्तू त्या दोघांच्या होत्या, धाकटीची एकच होती, आणि नेमकी तीच गेली होती. चूक कुठे झाली तेही तिला लख्ख कळलं. सकाळी तिने नावं घेतली नव्हती. थिएटरमध्ये एखाद्या नव्या पोरीने असा नुसता आकडा मोजला असता तर तिने तिला रडवलं असतं.

"तुमचे स्क्रू ड्रायव्हर आत गेले तेव्हा मोजे बाहेर पडले का?" तिने बाकाशी आलेल्या नवऱ्याला विचारलं.

"मी... म्हणजे कसं आहे, एक काढला की एक घालावा लागतो, नाहीतर तुझा आकडा..." तो चाचरत बोलायला लागला, तेवढ्यात छतातून त्यांच्या विमानाची शेवटची हाक आली. त्याने बॅग उचलली आणि साठी उलटलेल्या माणसाला शोभणार नाही अशा वेगाने धावत सुटला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा तिने हिशेब जुळलेला नसताना चेन ओढली, तीही धावता धावता.

विमानात तिने खिडकीबाहेर बघितलं नाही. नवऱ्याने खायला शेंगदाणे पुढे केले, ते तिने परत केले.

"टेबलावर ठेवलेत ना काढून? घरी टेबलावर?" तिने थोड्या वेळाने विचारलं.

"हरवलेले नाहीत," तो म्हणाला. "पण आत्ता काही विचारू नकोस. आत्ता सांगितलं तर तू मला खिडकीतून बाहेर टाकशील आणि विमान उशिरा पोचेल." मग त्याने पाय सीटखाली ओढून घेतले आणि झोपेचं सोंग घेतलं. तिचं लक्ष त्याच्या सोंगाकडे नव्हतंच. घड्याळाच्या काट्यावर तिचा जीव टांगलेला होता.

उतरल्यावर सामानाचा पट्टा फिरायला लागला. सगळ्यांच्या बॅगा आल्या, त्यांची मोठी बॅग आली नाही. पट्टा रिकामा फिरत राहिला. आजूबाजूचे चार लोक काउंटरवर जाऊन हातवारे करायला लागले. तिने फक्त घड्याळ बघितलं. अकराला वीस कमी.

"चला," ती म्हणाली.

"अगं, पण बॅग?"

"बसू दे तिला जिथे बसायचं तिथे. दोन दिवस माझ्या हातात आहेत." इतक्या काळजीतही तिला जरा मिरवावंसं वाटलंच.

त्या खोलीत ती पोचली तेव्हा अकरा चाळीस झाले होते. धाकटीला नुकतंच आणलं होतं. पांढऱ्या चादरीत ती एवढीशी दिसत होती, केस टोपीतून सुटलेले, डोळे मिटलेले. ताईने खुर्ची पलंगाला चिकटवली आणि बॅग पायाशी ठेवून बसली. नवरा दाराशी उभा राहिला. तिचा घसा कोरडा पडला होता. सकाळपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. बाहेर व्हरांड्यात, दहा पावलांवर, पाण्याचं यंत्र होतं. येतानाच ते तिला दिसलं होतं. ती हलली नाही.

दहा मिनिटांनी धाकटीच्या पापण्या थरथरल्या. डोळे उघडले, भिरभिरले आणि बहिणीच्या चेहऱ्यावर येऊन थांबले.

"आहेस," ती जड जिभेने म्हणाली.

"आहे. मी कुठे जाणार?"

"ताई... पाय गार पडलेत गं."

ताईने चादर वर केली आणि ते पाय दोन्ही हातांत घेतले. खरंच गार होते. ती चोळत राहिली. डोळ्यांत पाणी आलं ते तिने येऊ दिलं. "मोजे विणले होते गं तुझ्यासाठी," ती म्हणाली. "विटकरी रंगाचे, तुला आवडतो तो. घरी राहिले. एवढं मोजून, एवढं करून..."

मागे काहीतरी खडखडलं. नवरा दाराजवळच्या स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. उजवा बूट निघाला. डावा निघाला. आत, घोट्याच्याही वर ओढलेले, विटकरी लोकरीचे मोजे.

"माझे सगळे मोजे तू मोठ्या बॅगेत कोंबलेस," तो खालमानेने म्हणाला. "सकाळी कुलूप. नवे बूट टाचेला चावत होते. म्हटलं, विमानतळावर एखादी जोडी विकत घेतो आणि हे परत ठेवतो. मग तुझी ती मोजणी, ती हाक... हिंमतच नाही झाली."

सहा तास बुटात घातलेले मोजे, ऑपरेशन झालेल्या पेशंटला, आणि तेही तिच्या देखत! थिएटरमध्ये कोणी असं केलं असतं तर तिने छप्पर डोक्यावर घेतलं असतं. आणि मग तिला त्या सर्जनचा बूट आठवला. अनुभव एवढा गाठीशी असून तिने बुटात बघितलं नव्हतं! ती हसायला लागली, डोळे पुसत पुसत हसायला लागली.

"द्या इकडे," ती म्हणाली.

तिने ते बाहेरची बाजू आत करून झटकले, उलटे घातले, एक-एक करून त्या गार पायांवर घोट्यापर्यंत चढवले. धाकटीने डोळे मिटून घेतले आणि सुस्कारा सोडला.

"केवढे गरम आहेत," ती पुटपुटली. "ताई, गरम करून आणलेस?"

ताईने स्टुलाकडे पाहिलं. नवरा उघड्या पायांची बोटं एकमेकांवर घासत, शिक्षा ऐकायला बसल्यासारखा बसला होता.

"हो," ती म्हणाली. "तुझे भाऊजी सकाळपासून तेच करतायत."

धाकटी पुन्हा गुंगीत गेली. ताईने पर्समधून यादी काढली आणि शेवटच्या ओळीपुढे खूण केली. नवरा उठला, बॅगेतून रिकामी बाटली घेतली आणि अनवाणीच व्हरांड्यात गेला. भरून आणलेली बाटली त्याने तिच्यापुढे धरली. ती खुर्चीवरून न उठता, एक हात विटकरी मोज्यांवर ठेवून, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायली.